शिट्टीच्या आधी

बाथरूममध्ये क्लोरीनचा वास येत होता.

हात धुवायला आत गेलेली भिंगरीची आई नळ तसाच चालू ठेवून उभी राहिली. हा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. मुलीच्या केसांत, उशीच्या अभ्र्यात, डब्याच्या पिशवीत तो मुरलेला होता. तापात लेकीचं कपाळ हुंगलं तरी आधी क्लोरीन यायचा आणि मग लेक. पण आज या घरात तो यायचं काही कारण नव्हतं.

उद्या, सोमवारी, निवडीची शर्यत होती. संघात जागा एकच, आणि त्या जागेवर डोळा असलेल्या मुली दोन, दोघी याच घरच्या. एक तिची भिंगरी. भिंतीशी गेली की अशी गर्रकन उलटायची, की नाव आपोआप पडलं. दुसरी धाकट्या दिराची मनी. मनी म्हणजे मांजर आणि पोहते, हा विनोद घरात सगळ्यांचा करून झाला होता. दोघींचा प्रशिक्षक धाकटा दीरच. त्यानं शुक्रवारी सकाळी दोघींचं पाणी बंद केलं होतं. खा, झोपा, पाय वर करून पडा. पाण्यात उतरलेली दिसली तर शर्यतीत उतरायचं नाही, असं सगळ्यांसमोर बजावून तो आयोजकांच्या बैठकांना निघून गेला होता. मुली मात्र आठवडाभर इथेच, सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, मुक्कामाला होत्या. स्विमिंग पूल घराच्या मागच्याच गल्लीत, म्हणून.

तिनं दारामागचा अण्णांचा जाडजूड टॉवेल बाजूला केला. खाली, त्याच खुंटीवर, काळा कॉस्च्युम. हात लावला तर गार. ओला.

दोघींचे कॉस्च्युम एकाच रंगाचे, एकाच मापाचे. कुणी काही बोलायला नको म्हणून प्रशिक्षकानं एकाच दुकानातून एकाच दिवशी आणले होते. पण हा कुणाचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. उत्तर आधीपासून तयार होतं, फक्त प्रश्न यायचा राहिला होता. तिनं कॉस्च्युम खुंटीवरून ओढला, बाथरूमच्या मगात कोंबला आणि बाहेर येऊन नवऱ्याला खुणेनं बोलावलं.

"बघा. तुमच्या भावाची विश्रांती."

भिंगरीच्या बाबांनी मगात डोकावून पाहिलं. "कुणाचा आहे?"

"कुणाचा असणार? माझी पोरगी फोनवर रडते, आई अंग जड झालंय म्हणून. आणि यांची पोरगी मागच्या दारानं पाण्यात!"

"आत्ता नको. जेवण होऊ दे."

"तुम्ही आयुष्यभर जेवणच होऊ देत बसलात. त्या दिवशी शिट्टीच्या वेळीही गप्पच बसलात."

तो गप्प झाला. या घरात 'शिट्टी' म्हटलं की कुणीही गप्प होत असे. दोघे भाऊ तरुणपणी एकाच अंतिम शर्यतीत उतरले होते आणि शिट्टी वाजवायला खुद्द अण्णा उभे होते. धाकट्याचे पाय उडीच्या ब्लॉकवरून शिट्टीच्या आधी सुटले, असं थोरला आजही म्हणतो. बरोबर सुटले, असं धाकटा म्हणतो. अण्णांनी शर्यत थांबवली नाही, आणि नंतर त्या विषयावर तोंडही उघडलं नाही. धाकटा जिंकला, प्रशिक्षक झाला. थोरला पाण्याचे पंप विकू लागला. तेव्हापासून घरात कुणाचा कुणावरचा विश्वास उडाला, की एवढंच म्हणायचं, शिट्टीच्या आधी.

"वाढलंय हो," आतून धाकट्या जावेची हाक आली. "ताई, येताय ना?"

"येतेय," ती म्हणाली आणि तो मग उचलून निघाली.

*

टेबलाच्या टोकाशी अण्णा, एका बाजूला दोघी मुली, समोर प्रशिक्षक. त्याचं ताटात लक्ष नव्हतं. सवयीनं तो मुलींचे खांदे बघत होता. लोक चेहरे वाचतात, तो खांदे वाचायचा. मनीचे खांदे सैल होते, जरा जास्तच सैल, पण ती मुळातच सुस्त. भिंगरीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. पाण्याचा जग तिनं डाव्या हातानं उचलला. मीठही डाव्यानंच घेतलं. उजवा हात मांडीवर, पाहुण्यासारखा.

हिला विचारावं का? नको. वहिनींना वाटेल, आदल्या दिवशी मुलीला मुद्दाम घाबरवतोय. हल्ली भिंगरीला काही सांगायचं म्हणजे आधी तेच वाक्य वहिनींच्या कानांनी ऐकून बघावं लागायचं. 'खांदा जप' म्हटलं तर 'कमी पोह' ऐकू जायचं. 'छान' म्हटलं तर 'यात काय डाव आहे?'

स्वयंपाकघरात वाढीव भाताच्या कुकरची शिट्टी झाली. टेबलावरची बोलणी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं ते.

"कुकर बदला रे," अण्णा म्हणाले. "प्रत्येक वेळी भात होतो आणि माझ्या छातीचा ठोका चुकतो."

मनी फस्सकन हसली. तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्यांनी भाताच्या पातेल्याशेजारी बाथरूमचा मग ठेवला.

"आता मगातून वाढणार का?" अण्णांनी विचारलं.

"भाऊजी, हे काय आहे ते सांगा."

प्रशिक्षकानं वाकून पाहिलं. काळं कापड, तळाशी थोडं पाणी. त्याला आधी भिंगरीचा उजवा हात आठवला. मग त्यानं वहिनींचा चेहरा पाहिला आणि त्या दुसरीकडेच बोट दाखवतायत हे त्याच्या लक्षात आलं.

"कुठे मिळाला?"

"बाथरूममध्ये. लपवलेला. ओलाचिंब."

दोघी मुलींचे घास हातातच राहिले.

"ताई, सरळ बोला ना," धाकटी जाऊ वाढता वाढता थांबली. "माझ्या मुलीचं नाव घ्यायचंय ना तुम्हाला?"

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही."

"मग घास तोंडात फिरवताय कशाला? गिळा नाहीतर थुंका."

"बरं, घेते नाव. माझ्या लेकीला सांगायचं, लोळत पड. तिचं अंग विश्रांतीनं जड होतं, लहानपणापासून होतं, हे भाऊजींना पक्कं माहीत आहे. आणि स्वतःच्या मुलीचा सराव गुपचूप चालू. वा!"

"वहिनी, मी दोन दिवस पूलकडे फिरकलोही नाही."

"तेच तर! तुम्ही नाही फिरकलात. मुलगी फिरकली."

थोरल्या दादाची नजर त्याच्यावर होती. नुसता बघत होता, त्या ब्लॉकवरून बघितल्यासारखा. या बघण्याला प्रशिक्षक वर्षानुवर्षं उत्तर देत आला होता. दादाच्या मुलीला पहिली लेन, तिच्यासाठी पहाटे उठणं, तिच्या वळणांवर मनीपेक्षा दुप्पट मेहनत. तरी बघणं तसंच्या तसं.

"मनी," तो म्हणाला. "गेली होतीस पाण्यात?"

नाही म्हण, असं त्याला मनातून वाटत होतं. नाहीच म्हणणार ती. मनीनं मगाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"हो," ती म्हणाली. "माझाच आहे."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. पाहिलंत? असं ते पाहणं होतं.

"ठीक आहे," प्रशिक्षकाचा आवाज त्यालाच परका वाटला. "सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मनी उद्या उतरणार नाही."

"अहो!" त्याच्या बायकोच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "वेड लागलंय का? वर्षभर घासलंय पोरीनं!"

"बाबा!" मनीला हे अपेक्षित नव्हतं. ती ओरडा खायच्या तयारीनं बसली होती, एवढ्याच्या नाही.

"आमच्यासाठी नाटक नकोय," दादा पहिल्यांदाच बोलला. "आज काढशील आणि उद्या सकाळी हळूच नाव घालशील."

"बघ ना दादा. ठेवली तर मी लबाड, काढली तर नाटकी. मग मी करायचं तरी काय, ते एकदा सांगून टाक."

*

भिंगरीच्या तोंडातला भात संपत नव्हता.

कॉस्च्युम तिचा होता. काल पहाटे आणि आज पहाटे, ज्येष्ठ नागरिकांच्या तुकडीत, कडेच्या लेनमध्ये. पोहायला आलेल्या आजीबाई 'किती गोड मुलगी' म्हणत बाजूला सरायच्या आणि ती खांदा मोडेपर्यंत पोहायची. जायचं ठरवलं नव्हतं तिनं. पलंगावर पडलं की शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी पोहतंय असा आवाज येत राहायचा, इतकंच. आणि फोनवर आई म्हणाली होती, "लक्ष ठेव गं. तुला झोपवून ठेवतील आणि ती पुढे निघून जाईल."

पण मनीनं 'माझा' का म्हणावं?

भिंगरीनं तिच्याकडे चोरून पाहिलं. मनीचे डोळे भरले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. काहीतरी हवंय हिला. उद्या मिठी मारून म्हणेल, बघ, मी तुझ्यासाठी काय केलं, आणि मग आयुष्यभर तिच्या ओझ्याखाली राहा. की याहून खोल काही आहे? की काकांनीच आधी पढवून ठेवलंय?

आणि या सगळ्याच्या तळाशी एक छोटा, उबदार आनंद वळवळत होता. मनी नाही. म्हणजे जागा आपली.

तिनं उद्याची शर्यत डोळ्यांसमोर आणून पाहिली. पहिली उडी, निळा तळ, श्वासासाठी मान उजवीकडे. उजवीकडे नुसतं पाणी. कुणाची कोपरं नाहीत, फेस नाही. तिच्या सगळ्या चांगल्या वेळा त्या फेसाला मागे टाकायच्या नादात झाल्या होत्या. तिथे फेसच नसेल तर हात कशाच्या मागे धावणार? रिकाम्या पाण्याला हरवून काय करायचं?

सांगून टाकावं, असं तिच्या घशापर्यंत आलं. पण सांगितलं तर आपण बाहेर आणि मनी आत. तिला जिंकायचं होतं. चांगलं वागायचं नव्हतं, जिंकायचं होतं, आणि तेही मनीलाच हरवून. दोन्ही एकदम कसं मिळणार, हे तिला कळेना.

तिनं भात गिळला. पुढचा घास घेतला.

*

"आधी हा मग उचला कुणीतरी," अण्णा म्हणाले. "मला भात घ्यायचाय."

तो मग आणला होता तिनंच, तेव्हा उचलला भिंगरीच्या आईनंच. स्वयंपाकघराच्या मोरीशी जाऊन तिनं कॉस्च्युम बाहेर काढला. ओलं कापड दिसलं की पिळायचं, यात डोकं लागत नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मनीच्या नाकाचा लाल झालेला शेंडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. बोटं मात्र आपलं काम करत होती. पिळण्याआधी पट्टे सोडवायला गेली आणि बोटं अडखळली.

पट्टे दिसतच नव्हते. कॉस्च्युम उलटा केलेला होता. दोन्ही पट्टे आत वळवून, पायाच्या भोकांतून ओढून, पोटाशी नीट खोचलेले.

अशी घडी जगात एकच बाई घालते.

भिंगरी लहान असताना तिचे कॉस्च्युम पाण्याच्या वजनानं ताणून लोंबायचे, खांद्यात पाणी शिरायचं. नवीन सारखे कुठून आणणार? तेव्हा तिनंच ही युक्ती काढली होती. बाथरूममध्ये लेकीच्या चिमुकल्या हातांवर हात ठेवून शिकवली होती. "पट्ट्यांना पोटात घे. घेतलंस? आता ते ताणायचे नाहीत, शहाण्यासारखे झोपतील." कितीतरी दिवस ती चिमुरडी पट्ट्यांना 'झोपा हं' म्हणून दार लावून घ्यायची.

लपवतानासुद्धा विसरली नाही. घाईत, चोरून, तरी पट्टे पोटात.

तिच्या हातातून पाणी टिपटिप गळत राहिलं. बाहेर जाऊबाईंचा रडवेला आवाज, दिराचं "विषय संपला". आपण बोललो नाही तर कुणाला काही कळणार नाही. मनी स्वतःच कबूल झाली आहे. आपल्या लेकीला जागा मिळेल. ही घडी काय, एका हिसक्यात सुटेल.

तिनं ती सोडवली नाही. तशीच घेऊन बाहेर आली.

"मनी, बाळा, तू तुझा कॉस्च्युम वाळत कसा घालतेस?"

मनी गोंधळली. "कसा म्हणजे? टाकते."

"टाकतेस म्हणजे?"

"खुर्चीवर फेकते," तिची आई नाक पुसत म्हणाली. "नाहीतर दाराच्या कडीला. मी उचलते मागून. आता त्याचीही चौकशी करायचीय का, ताई?"

"मग हा मनीचा नाही." तिनं घडी टेबलावर ठेवली. अण्णांच्या भाताजवळच, पण आता कुणी काही म्हणालं नाही. "ही घडी माझी आहे. मी शिकवलेली. आणि ती मी एकीलाच शिकवली आहे."

"आई!" भिंगरी म्हणाली.

त्या एका हाकेत सगळं आलं.

धाकटी जाऊ आधी हसली, मग रडली. "बघा! माझी मुलगी हिच्यासाठी खोटं बोलली. स्वतःची शर्यत घालवायला निघाली होती! आणि तुम्ही तिला..."

"मम्मी, राहू दे ना गं," मनी पुटपुटली. तिचे कान आता मघापेक्षाही लाल होते.

"भाऊजी," भिंगरीची आई म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा. लावा."

प्रशिक्षक उठून भिंगरीच्या मागे जाऊन उभा राहिला. "हात वर कर. उजवा."

हात कानाजवळ येऊन अडला. तिनं ओठ चावला.

"किती पोहलीस?"

"दुखेपर्यंत. मग थोडं अजून."

"का गं?"

भिंगरीनं आईकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्ही मनीसाठी मला झोपवताय."

प्रशिक्षकाचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं तिच्या खांद्यावर अंगठा दाबला, हळूच, दुखतं तिथे बरोबर. "याच्यासाठी झोपवत होतो. दोन आठवड्यांपासून बघतोय हा खांदा. सांगितलं असतं तर म्हणाला असतात घाबरवतोय, म्हणून दोघींनाही झोपवलं." तो सरळ झाला. "उद्या दोघी उतरतील."

"नियमाचं काय झालं?" दादानं विचारलं.

"नियम मोडला. मीच मोडला, नोंद घे. हिला घरी बसवली तर पुढची पंचवीस वर्षं तू म्हणशील, भावानं बसवली. पाण्यात हरली तर पाण्यानं हरवलं. मला आता पाण्याच्या मागे लपायचंय, दादा. दमलोय मी."

दादानं ताटाकडे पाहिलं. मग भाताचं पातेलं भावाच्या दिशेनं सरकवलं. माफी होती की नुसता भात, हे तिथे कुणालाच सांगता आलं नसतं.

*

दुपारी सगळे आडवे झाल्यावर भिंगरीची आई मागच्या गॅलरीत कॉस्च्युम वाळत घालायला गेली. दोरीवर चिमटे लावता लावता तिच्या मनात तेच घोळत होतं. मनी खोटं का बोलली? एवढं मोठं मन? तिच्या वयाच्या मुलीला? स्वतःचीच तिला लाज वाटली. बाई, निदान एखाद्या चांगल्या गोष्टीवर तरी विश्वास ठेव.

"मोठी आई."

मनी दारात होती. हात पाठीमागे.

"ये ना गं. झोपली नाहीस?"

"मला सगळे चांगली म्हणतायत. मम्मीनं मामाला फोन करून सांगितलं. मामाला रडू आलं म्हणे."

"मग? आहेसच तू चांगली."

"नाही ना!" मनीनं पाठीमागची प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत काळ्या कापडाचा बोळा होता. वास आधी आला, मग ओल लागली.

"बाथरूममध्ये, बादलीखाली होता," मनी कुजबुजली. "मला वाटलं, हाच सापडला तुला."

भिंगरीच्या आईनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"कधी गेलीस?"

"बायकांच्या बॅचला. झेरॉक्स काढायला जाते म्हणून. काल आणि आज. भिंगरी झोपेत पाय मारते, मोठी आई! नुसती लाथाळते. मला वाटलं ही झोपेतसुद्धा सराव करतेय. मग मला कशी झोप लागणार?" तिनं पिशवी मुठीत आवळली. "आता तू सांगणार सगळ्यांना?"

आतून जाऊबाईंचा आवाज येत होता. कुणाला तरी फोनवर अजून तेच चाललं होतं, किती मोठं मन माझ्या पोरीचं. तिथवर जायला चार पावलं पुरली असती. तो मगही जवळच होता. छातीत काहीतरी उसळलं, गोड आणि कडू, तिच्या चांगल्या ओळखीचं. तिनं ते दोन श्वास तसंच राहू दिलं.

मग मनीचे हात दिसले. बोटांची टोकं क्लोरीननं कोरडी पडलेली, भिंगरीची दिसायची तशीच, अगदी तशीच.

"इकडे आण," ती म्हणाली. "असा बोळा करतात का? वास मारेल उद्या. उलटा कर. हं. आता पट्टे आत घे."

"असे?"

"अजून आत. पोटात घे त्यांना. म्हणजे ताणायचे नाहीत."

"मनी!" आतून प्रशिक्षकानं हाक मारली. "कुठे आहेस? झोप म्हटलं ना!"

मनी दचकली. भिंगरीच्या आईनं तिच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"माझ्याजवळ आहे, भाऊजी," तिनं आवाज दिला. "झोपवते मी तिला."

वहिनी, आणि मनीला झोपवणार? यात काय डाव असेल, याचा तो नक्की विचार करत असणार. करू दे. तिनं दोरीवर वाळत असलेला अण्णांचा दुसरा टॉवेल ओढून पुढे घेतला आणि त्याच्या आड दोन्ही कॉस्च्युम शेजारीशेजारी अडकवले. आता कुठला कुणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरात संध्याकाळच्या बटाट्यांची शिट्टी झाली. सवयीनं सगळं घर गप्प झालं.

गॅलरीत मात्र दोघी तोंडावर हात दाबून हसत होत्या. दोन्ही पोरी शिट्टीच्या आधीच उड्या मारून बसल्या होत्या.